हार घातलेली भिंत

जुन्या वस्तू एकमेकींशी भांडतात, असं अंतराचं ठाम मत होतं. इराण्याकडची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची साठ सालच्या सनमायकाच्या टेबलाला लावली, की दोघी एकमेकींकडे पाठ करून बसतात. त्यात ऐंशी सालचं, शटर ओढायचं टीव्हीचं कपाट आणून ठेवलं, तर खोलीचं भंगाराचं गोदाम व्हायला वेळ लागत नाही. "यांना एका घरात नांदवायचं तर मध्ये कोणीतरी लागतं," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "एक रंग, एक धातू, नाहीतर एक कापड. सगळ्यांच्या अंगावर थोडं थोडं दिसलं पाहिजे. मग सगळ्या एकाच माहेरच्या वाटतात."

घोडबंदर रोडवर सुशांतनं काढलेल्या 'चार पिढ्या' या हॉटेलात तिनं हेच केलं होतं. सुशांत आयटीतली नोकरी सोडून या धंद्यात पडलेला. त्याला एकाच हॉलमध्ये पणजोबांपासून बाबांपर्यंत सगळ्यांचे काळ हवे होते. अंतरानं ते आणले आणि पितळेनं बांधले. खुर्च्यांच्या पायांना पितळी टोप्या, टेबलांना पितळी कड, दिव्यांच्या काळ्या गोल बटणांखाली पितळी चकत्या. सगळं जमलं. एक भिंत तेवढी जमेना.

ती फोटोंची भिंत होती. कल्याणचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मालकाच्या मुलानं खोक्यांतले फोटो तिला एकगठ्ठा देऊन टाकले होते: खिडकीत लावलेले नमुने, लोकांनी न नेलेल्या प्रती. पगडीवाले गृहस्थ, नऊवारीतल्या बायका, बेलबॉटममधलं एक जोडपं, आणि नव्वदच्या दशकातली, फ्रिलचा फ्रॉक घातलेली चारेक वर्षांची एक मुलगी. चौकटी शिसवी, सोनेरी, प्लॅस्टिकच्या. त्या मुलीचा रंगीत फोटो तर शेजारच्या बिल्डिंगमधून खेळायला आल्यासारखा वेगळा दिसे. पण चेहरा इतका गोड, की तो काढून टाकायला मन होईना. अंतरानं तो स्कॅन करून तपकिरी रंगात छापून घेतला, कडेला थोडे डाग पाडले आणि एका मोडक्या शिसवी चौकटीत बसवला. मुलगी एका दुपारीत कितीतरी वर्षं मागे गेली.

आणि मग सगळ्याच फोटोंना तिनं एका मापाचे चंदनाचे हार घातले. भिंत एकदम शांत झाली.

सुशांत बघायला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"एक नंबर, मॅडम! पण हे लोक कोण?"

"तुझे पूर्वज."

"आमच्या पूर्वजांना फोटो कुठले परवडायला," तो हसला. "आजोबांचा एकच फोटो आहे, मतदानाच्या ओळखपत्रावरचा. त्यातही ते दुसऱ्याच कोणासारखे दिसतात."

"म्हणून तर आणून दिले."

हार गेलेल्या माणसाच्याच फोटोला घालतात, हे अंतराला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या मनात ते आलं, आणि 'जुनी माणसं आहेत, गेलीच असणार' म्हणून तिनं सोडून दिलं. मुलीचा विचार मात्र तिनं केलाच नाही. तिला जुनी केली होती ती अंतरानंच. पण स्वतःचं हातकाम रोज बघून बघून तिलाही ते खरंच जुनं वाटायला लागलं होतं.

हॉटेल गणपतीच्या आधी उघडलं. पितृपक्ष लागला तेव्हा दुपारची गर्दी ओसरलेली होती. अंतरा एका लोंबत्या दिव्याची उंची बघायला आली, तर भिंतीसमोर साठीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, हातात थर्मासची पिशवी.

"हे तुम्ही लावलंत का?"

"हो काकू. आवडलं?"

"ही मुलगी कोण?"

हा प्रश्न लोक नेहमी विचारत, आणि अंतराचं उत्तर तयार होतं. "कल्याणच्या एका जुन्या घराण्यातली. शंभरेक वर्षं झाली असतील फोटोला. लहानपणीच गेली म्हणतात."

बाईंनी एका बोटानं हार बाजूला केला.

"हा फ्रॉक मी शिवलाय," त्या म्हणाल्या. "पिवळा होता. कापड कमी पडलं म्हणून डावीकडे दुसरी फ्रिल जोडली. बघा."

अंतरानं बघितलं. डावीकडची फ्रिल वेगळी होती. इतक्यांदा हा फोटो हाताळून तिला ते दिसलं नव्हतं.

"ही माझी श्रिया. इथून दोन बिल्डिंगा सोडून हॉस्पिटलात आहे. आठवा महिना. बीपी उतरत नाही म्हणून ठेवून घेतलंय. मी तिच्यासाठी गरम पाणी भरून घ्यायला आले."

अंतरानं फोटो उतरवला, हार काढला आणि फोटो छातीशी धरला. "काकू, चुकलं माझं. मला खरंच वाटलं..."

"घातला कधी होतात?"

"गणपतीच्या आधी."

बाईंनी मान हलवली. "तिचे पाय गणपतीतच सुजायला लागले."

त्यांचं नाव प्रमोदिनी. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं थंड आणि मोजकं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर अंतराला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त तिचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "तुम्हाला काही म्हणत नाही मी," असं म्हणून त्या सुरुवात करत, आणि मग सांगत: आज गोळी वाढवली. आज लघवीतून प्रथिनं जाताहेत म्हणाले. आज डोकं दुखतंय. अंतरा ऐकून घ्यायची. फोन ठेवला की ती स्वतःला समजवायची, की बीपी कागदाला घातलेल्या हारानं वाढत नाही. ते तिला पटतही असे. पण फोनची रिंग वाजली की ते पटलेलं टिकत नसे. सुशांतचा मेसेज आला, 'मॅडम, भिंतीवर एक जागा रिकामी दिसते, दुसरं कोणीतरी लावा ना.' तिनं त्याला उत्तर दिलं नाही.

मग एके दिवशी प्रमोदिनींनी तिला हॉस्पिटलात बोलावलं. "श्रियाला फोटो दाखवायचाय. हाराचं बोलायचं नाही."

श्रिया खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसली होती. चेहरा फुगलेला, डोळे मात्र फोटोतलेच.

"तू ती फोटोवाली? ये, बस ना," ती म्हणाली. "आई म्हणाली, कल्याणचा फोटो सापडला. अगं, पण हा तपकिरी का केलायस? मी काय टिळकांच्या काळातली आहे?"

अंतरा हसली.

"पायांकडे बघू नकोस, हत्तीचे झालेत. नवरा बोटीवर, आखाताकडे. तो व्हिडिओ कॉलवर म्हणतो, तू छान भरलीयेस." श्रियानं फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "आई, दिवा लाव गं. मधे मधे काजवे चमकल्यासारखं होतंय."

दिवा लावलेलाच होता. प्रमोदिनी नर्सला बोलवायला धावल्या. डॉक्टर आले, खाटेभोवती पडदा ओढला गेला. अंतरा भिंतीला पाठ लावून बाहेर उभी राहिली. थोड्या वेळानं प्रमोदिनी बाहेर आल्या.

"उद्या संध्याकाळी सिझर करायचं म्हणताहेत. तोवर टिकली तर." त्या बाकावर बसल्या. "बस. मला तुझ्याशी बोलायचंय."

तुम्हीचं तू झालं होतं.

"मी देवदेवस्की करणारी बाई नाही. पण आमच्या गावी, राजापूरकडे, माणसाच्या डोक्याला कावळा शिवला, की तो फार दिवस काढत नाही असं मानायचे. त्याला उतारा होता. खोटी बातमी पाठवायची, तो गेला म्हणून. ज्याचा त्याच्यावर सगळ्यात जीव, त्याला. आणि तो खरा रडला पाहिजे, बरं का. उगाच डोळ्याला पदर लावून चालत नाही. त्या रडण्यात मरण वाहून जातं. मग दुसरा निरोप पाठवायचा, की खुशाल आहे."

"पण काकू, इथे कावळा कुठे शिवलाय?"

"तू शिवलीस."

कॉरिडॉरमधून कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली.

"तात्यांना सांगायचं," प्रमोदिनी म्हणाल्या. "माझे वडील. ठाकुर्लीला एकटे असतात. आम्ही नवराबायको नोकरीवर, श्रियाला त्यांनीच वाढवली. तो फोटो काढायला कल्याणला त्यांनीच नेली होती."

"वय काय त्यांचं?"

"चौऱ्याऐंशी."

"काकू! त्यांना काही झालं म्हणजे?"

"तात्या टणक आहेत." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि खरं सांगू? चौऱ्याऐंशी आणि चौतीस यांतलं एक निवडायची वेळ माझ्यावर तू आणलीस."

"तुम्ही स्वतःच का नाही..."

"आईच्या तोंडून लेकीचं मरण निघू नये. शिवाय मी खोटं बोलले की तात्या ओळखतात, लहानपणापासून. तुझं तसं नाही. शंभर वर्षं झाली म्हणालीस, तेव्हा क्षणभर माझाही विश्वास बसला होता."

अंतरा नाही म्हणाली. हे चूक आहे म्हणाली, वेडेपणा आहे म्हणाली. प्रमोदिनींनी वाद घातला नाही. त्यांनी एका चिठोऱ्यावर ठाकुर्लीचा नंबर आणि पत्ता लिहून तिच्या हातात ठेवला. "मोबाइल त्यांना ऐकू येत नाही. घरचा जुना फोन आहे. उद्या दुपारी एकला तू बातमी द्यायची, पाच मिनिटांत मी फोन करून खरं सांगेन. बस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंतरानं डोंबिवलीतल्या आपल्या घरात एकही काम केलं नाही. फोन केला आणि काही झालं नाही, तर एका म्हाताऱ्याला पाच मिनिटं दुःख. नाही केला आणि श्रिया गेली, तर? हार आणि बीपी यांचा संबंध नाही, हे ती शंभर वेळा म्हणू शकत होती. पण फोन न करता ते श्रियाच्या आईसमोर उभं राहून म्हणता येईल का, हे तिला माहीत नव्हतं. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कोणीतरी पितरांचं पान ठेवलं होतं आणि माणसं कावळ्याची वाट बघत उभी होती. तिनं खिडकी लावून घेतली आणि नंबर फिरवला.

"हॅलो, कोण?" आवाज खणखणीत होता.

"आजोबा, मी हॉस्पिटलमधून बोलतेय. श्रियाच्या."

"हां, बोला, बोला! कशी आहे आमची बाय?"

"आजोबा, श्रिया गेली."

"कुठे गेली? घरी सोडलं?"

हे तिनं धरलं नव्हतं. एकदा उच्चारायची तिनं तयारी केली होती, दोनदा नाही. शब्द अडले. "नाही आजोबा. वारली. मघाशी."

पलीकडून एक आवाज आला, तो माणसाचा वाटेना. फोन कशावर तरी आपटला आणि तो आवाज लांबून यायला लागला, चढत, तुटत, पुन्हा चढत. अंतरा कानाशी फोन घट्ट धरून ऐकत राहिली. खरा रडला पाहिजे. हे खरंच होतं. यापेक्षा खरं तिनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

आणि ते थांबलं. हळूहळू ओसरत नव्हे, मधेच.

"आजोबा?" ती ओरडली. "आजोबा! ऐकताय का? खोटं आहे ते! आजोबा!"

काही नाही. तिनं फोन कट करून पुन्हा लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. तेवढ्यात प्रमोदिनींचाच फोन आला.

"रडले?"

"हो."

"खरे?"

"काकू, ते एकदम थांबले. काहीच आवाज नाही. फोन खाली पडलाय वाटतं, लागतच नाही."

प्रमोदिनींचा श्वास ऐकू आला. एवढा ताठ आवाज पहिल्यांदाच डगमगला. "मलाही लागत नाहीये. तू जवळ आहेस. जा, अंतरा. पळत जा."

ठाकुर्लीचा रस्ता रिक्षानं फार नाही. पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर काही ना काही आडवं येत होतं, टेम्पो, गाय, शाळेची बस. 'जिवंत असू देत,' एवढंच ती म्हणत होती, आणि मधेच तिच्या ध्यानात आलं, की आपण कोणासाठी म्हणतोय ते आपल्यालाच कळत नाहीये.

तात्यांचं, म्हणजे महिपतरावांचं, घर तळमजल्यावर होतं. दार सताड उघडं. आत पलंगाच्या कडेवर एक उंच, काटक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले, सदऱ्याचा पुढचा भाग पाण्यानं भिजलेला. शेजारची एक बाई एका हातात तांब्या धरून पदरानं वारा घालत होती. फोनचा रिसीव्हर तारेला लोंबत होता.

"घेरी आली त्यांना," ती बाई म्हणाली. "नात गेली ना त्यांची. तुम्ही कोण, नात्यातल्या?"

महिपतरावांनी डोळे उघडले. अंतरा दारातच खाली बसली.

"आजोबा, श्रिया जिवंत आहे. फोन मीच केला होता. ते खोटं होतं."

तांब्या खाली आपटला गेला. "काय म्हणालीस?" शेजारीण तिच्या अंगावर आली. "चेष्टा करतेस म्हाताऱ्या माणसाची? लाज नाही वाटत, भवाने? आत्ता पोलिसात देते तुला!"

"शीला, थांब," महिपतराव म्हणाले. ते अंतराकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "कावळा कोणाला शिवला?"

अंतरानं सगळं सांगितलं. स्टुडिओ, तपकिरी फोटो, हार, प्रमोदिनी. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"रीत मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "माझ्या चुलतभावाला कावळा शिवला होता. काकूला पत्र धाडलं. ती अंगणात लोळली. मग दुसरं पत्र आलं, खुशाल आहे. पुढे काही वर्षांनी तो मुंबईत खरंच गेला. तार आली, तर काकू हसली. म्हणाली, मेल्याला पुन्हा कावळा शिवला वाटतं. स्वतः मरेपर्यंत ती त्याचं ताट वाढत होती." ते पुढे झुकले. "आता मला सांग पोरी. तुझा पहिला निरोप खरा, की दुसरा?"

"दुसरा, आजोबा. शप्पथ."

"तुला कोणीही हेच सांगायला पाठवलं असतं. म्हातारा आहे, घेरी येऊन पडलाय, हळूहळू सांगू."

"मी काकूंना फोन लावते. तुम्ही बोला."

तिनं मोबाइल स्पीकरवर टाकून त्यांच्या कानाजवळ नेला. प्रमोदिनींनी उचलला तेव्हा मागे धावपळ ऐकू येत होती.

"तात्या? तात्या, तुम्ही बरे आहात ना? श्रिया आहे हो, ती आहे!"

"तिला फोन दे."

पलीकडून नुसती धावपळ ऐकू आली.

"प्रमोदिनी, तिचा आवाज ऐकव मला."

"तात्या, तिला आत नेलंय. आत्ताच नेलं. बीपी एकदम चढलं, संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही म्हणाले." आणि प्रमोदिनी रडायला लागल्या.

महिपतरावांनी अंतराकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. 'बघ,' एवढंच होतं. आणि त्या क्षणी अंतराचाही विश्वास उडाला. बीपी कधी चढलं? मी फोनवर बोलले तेव्हाच? आणि ही बाई रडतेय ती कशासाठी?

"मी येतो," महिपतराव म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

अंतरानं मोबाइलवरून मागवलेल्या गाडीत शीलानं त्यांना बसवलं, अंतराकडे न बघता दार लावलं. मोठागावच्या पुलावरून गाडी लवकर पार झाली. घोडबंदर रोडला लागली आणि अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला मेट्रोचे खांब. महिपतराव ताठ बसून होते. मधेच म्हणाले, "फोनवर काय म्हणालीस, ते पुन्हा म्हण."

"नाही आजोबा. नाही म्हणणार."

"तुझा आवाज कसा होता ते मला आठवून बघायचंय. खोटं बोलताना माणूस कुठेतरी अडखळतो."

"मी अडखळले होते."

"नाही," ते म्हणाले. "तेच तर."

गाडी गायमुखकडे जाणाऱ्या रांगेत इंचाइंचानं सरकत असताना प्रमोदिनींचा फोन आला. मुलगी झाली होती. अपुऱ्या दिवसांची, काचेच्या पेटीत ठेवली होती. फोनमध्ये मागे कुठेतरी बाळ रडत होतं.

"ऐकलंत, आजोबा?"

"प्रसूतीच्या हॉस्पिटलात कोणाचंही मूल रडतं. श्रियाचं विचार."

"काकू, श्रिया?"

"अजून आत आहे. रक्त जातंय म्हणाले. काही सांगत नाहीयेत." फोन बंद झाला.

त्यानंतर अंतरानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. तो वाजू नये असं तिला वाटत होतं, आणि वाजावा असंही. शेवटी महिपतरावच दार उघडून खाली उतरले आणि थांबलेल्या गाड्यांमधून चालायला लागले. ती त्यांच्या मागे धावली. एवढा म्हातारा माणूस, पण त्याला गाठताना तिला धाप लागली.

हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर प्रमोदिनी एकट्या उभ्या होत्या. वडिलांना बघून त्या पुढे झाल्या, पण महिपतरावांनी त्यांना हातानंच बाजूला सारलं आणि बंद दारासमोर जाऊन उभे राहिले. तिथे ते किती वेळ उभे होते, ते अंतराला नंतर आठवेना. दार उघडलं, खाट बाहेर आली. खाटेवर श्रिया, पांढरीफटक, डोळे मिटलेले, जराही हलत नव्हती. अंतराच्या तोंडून अस्फुट काहीतरी निघालं.

"भूल उतरायचीय," खाट ढकलणारी नर्स म्हणाली. "बाजूला व्हा. रक्तस्राव आटोक्यात आलाय. आज रात्र लक्ष ठेवायचं."

महिपतराव खाटेबरोबर आत गेले. त्यांना कोणी अडवलं नाही. अडवण्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. उघड्या दारातून अंतराला दिसत होतं, की ते खुर्चीवर बसत नाहीयेत, वाकून श्रियाच्या नाकाशी बोटं धरून उभे आहेत. बराच वेळ. शेवटी श्रियानं डोळे किलकिले केले.

"आजोबा? तुम्ही कसे आलात?" शब्द जड येत होते. "कोणी सांगितलं?"

"फोन आला बाय."

"काय म्हणाले?"

ते क्षणभर थांबले. "म्हणाले, मुलगी झाली."

श्रियाचे डोळे मिटले. त्यांची बोटं पुन्हा तिच्या नाकाशी गेली.

बाहेर प्रमोदिनींनी अंतराचे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार होते. "उतारा लागला," त्या कुजबुजल्या. "बघितलंस? तू फोन केलास, तात्या रडले, आणि तिकडे ती वाचली. तुझे उपकार आहेत."

अंतराला म्हणायचं होतं, की डॉक्टर होते म्हणून वाचली. फोन केला तेव्हाच तर तिचं बिघडलं, मग त्याचा दोष कोणाचा? पण दोन्हींतलं एकही वाक्य तिला पुरं करता येईना. एक खरं धरलं की दुसरं खरं होत होतं. दोषी म्हणून बोलावलं तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती, जितकी आता त्या कृतज्ञ चेहऱ्यासमोर घाबरली. या बाईच्या घरी पुन्हा काही झालं, तर पहिला फोन आपल्याला येणार.

नर्सनं महिपतरावांना बाहेर काढलं तेव्हा दिवे लागले होते. ते दाराच्या समोरच्या बाकावर बसले.

"तात्या, तुम्ही घरी जा आता," प्रमोदिनी म्हणाल्या. "दमलात. अंतरा सोडेल. काही लागलं तर मी फोन करीन."

"नको."

"अहो, इथे बसून काय करणार? रात्रभर बाकावर?"

"मी घरी जात नाही," महिपतराव म्हणाले. "घरी फोन आहे."

प्रमोदिनी त्यांच्या शेजारी टेकल्या. अंतरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

थोड्या वेळानं दार उघडून नर्सनं डोकं बाहेर काढलं. "श्रियाचे नातेवाईक कोण?"

प्रमोदिनी उठल्या.

"बाळासाठी टोपी आणि मऊ दुपटं हवंय. आणलंय का?"

"आणलंय, आणलंय," म्हणत प्रमोदिनी पिशवीत हात घालायला लागल्या.

"काय म्हणालात?" महिपतरावांनी विचारलं.

"टोपी आणि दुपटं, आजोबा."

"पुन्हा सांगा."

नर्सनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. महिपतराव तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. ते मान वाकडी करून, तिच्या खांद्यावरून, अर्धवट उघड्या दारातून खाटेकडे बघत होते.